पुसायच्या सवयी

उज्ज्वलाताईंनी गाडी आतून-बाहेरून पुसली, बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि पाचला दहा कमी असताना ती भाड्याच्या गाड्यांच्या डेपोत आणून लावली. जादा आकार म्हणून एक रुपया द्यायचा नाही, ही ह्यांची शिस्त. ह्यांना जाऊन सतरा दिवस झाले होते.

डेपोतल्या मुलीने गाडीभोवती चक्कर मारली. "सगळं चोख आहे, काकू. आता तुम्ही गाडीला शिकवलेल्या सवयी तेवढ्या पुसा. गाडी कोरी परत द्यावी लागते. पाचनंतर पुढच्या तासाचं भाडं लागेल."

ताई पुढच्या सीटवर बसल्या. वर्षभर तिथे हे बसत. गाडी आपली आपण चाले; तिला काय सांगायचं ते हेच सांगत, आणि ती ते ह्यांच्याच आवाजात साठवून ठेवी. ताई मागे पाय पसरून आरामात असत. त्यांनी बटण दाबलं, तसा ह्यांचा आवाज आला.

"पार्किंगमध्ये सावली बघून थांबायचं."

ताईंनी 'पुसा' दाबलं.

"गाणी हळू लाव. तिचा डोळा लागलाय."

त्यांचं बोट जरा थबकलं, पण त्यांनी तेही पुसलं.

"घाटात वेग तीसच्या वर नको. उज्ज्वलाला घाटात गाडी लागते. तिला ते कबूल नाही, म्हणून बोलायचं नाही. रस्ता खराब आहे म्हणून सांगायचं."

वर्षभर ताई रस्त्याला नावं ठेवत आल्या होत्या.

"काकू, पाच वाजले," मुलगी काचेशी वाकून म्हणाली. "जादा आकार सुरू होईल."

"होऊ दे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी तेच पुन्हा लावलं.