साखळीतला हात

"आजपण हातच दाबणार का रे, अंबादास?" दाराबाहेर चपला काढताना सोनूबाईंनी विचारलं.

अंबादास नुसता हसला. विक्रोळीच्या त्या चाळीत दर रविवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या खोलीत प्रार्थनेला ख्रिस्ती मंडळी जमत. शेवटी सगळे गोल बसत, एकमेकांचे हात धरत आणि डोळे मिटून एकामागून एक प्रार्थना करत. ज्याला मोठ्याने बोलायचं नसेल त्याने शेजाऱ्याचा हात हळूच दाबायचा, की साखळी पुढे सरके. ही सवलत नव्या, लाजऱ्या पाहुण्यांसाठी होती. अंबादास ती अकरा वर्षं वापरत होता.

"काय करू बाई? तुमी समदे पुस्तकावाणी बोलता. माझी बोली ही असली, कारखान्यात शिव्या देऊन घासलेली."

"देवाला चालते ती. काय मागायचं ते तुझ्या बोलीत माग."

"मागायचं काई न्हाई. ते शिवदास मागतोच की माझ्यासाठी दर रविवारी. माझ्या गुडघ्यापासून पोराच्या नोकरीपर्यंत." तो वाकून आपल्या चपला भिंतीशी नीट जुळवत राहिला. "मला नुसतं बोलायचं हाय. पण सुरवात कुठनं करावी त्ये समजत न्हाई."

सोनूबाई चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होत्या. उत्तर देण्याची त्यांना घाई नसे. त्या थोडा वेळ त्याच्या चपलांकडे बघत राहिल्या.

"माझी मुलं आधी नाव सांगतात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाणी झाली, वचन वाचून झालं, पाळकसाहेब थोडं बोलले. मग चटईवर, कॉटवर, दारात, जागा मिळेल तसे सगळे गोल बसले. अंबादासच्या डाव्या हाताला शिवदास होता, उजव्या हाताला अंबादासचीच नात एस्तेर, आठ वर्षांची. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रविवारचा पिक्चर लागला होता आणि मुलांचा अर्धा कान तिकडे होता.

शिवदास कारखान्यात फोरमन होता, आणि प्रार्थनेतही तो कुणाची हजेरी चुकवत नसे. "हे कृपासागर स्वर्गीय पित्या, आम्ही धुळीचे कण तुझ्या सिंहासनापुढे नतमस्तक होतो," इथून सुरू करून तो आजारी, बेकार, परगावी गेलेले अशा सगळ्यांवरून फिरून आला. पलीकडे पिक्चरमधली मारामारी सुरू होऊन संपली. अखेर त्याने आमेन म्हटलं आणि बाकीच्यांनीही सुटल्यासारखं म्हटलं.

अंबादासने सवयीने एस्तेरचा हात दाबला.

एस्तेरने त्याचा हात उलट दाबला.

तिला कळलं नसावं असं वाटून त्याने पुन्हा दाबला. तिने आणखी जोरात दाबला.

"आबा, तुझा नंबर आहे," ती कुजबुजली. खोली एवढीशी होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू बोल की गं."

"मी माझं बोलणार. तुझं कोण बोलणार? बाई म्हणाल्या, ज्याचं त्यानेच बोलायचं. देव वाट बघतो."

कॉटवरून कुणीतरी हसू दाबलं. अंबादासचा हात एस्तेरच्या हातातून निसटू पाहत होता, पण तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

शिवदासला त्याची दया आली. "असू दे, अंबादासच्या वतीने मी करतो," तो म्हणाला आणि त्याने घसा साफ केला. "हे दयाळू पित्या, आमचा हा बंधू अंबादास..."

"राहू दे, शिवदास," अंबादास म्हणाला.

शिवदास थांबला. वरचा पंखा कटकट करत फिरत होता.

"देवा," अंबादास म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"देवा, मी अंबादास."

मग, नवख्या माणसाला घर शोधताना चुकायला होऊ नये म्हणून खूण सांगावी तसं, हळू आवाजात म्हणाला, "लई वर्सं झाली, हितंच बसतो. शिवदासच्या बाजूला."

पुढे काही आलं नाही. आमेनही नाही. त्यामुळे बाकीच्यांनाही म्हणता येईना. पलीकडे गाणं सुरू झालं, कुठल्याशा लहान मुलाने चुळबुळ केली, त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

प्रार्थनेत डोळे उघडू नयेत असं सोनूबाई मुलांना दर रविवारी बजावत. आज त्यांनीच उघडले. अंबादासचे डोळे मिटलेले होते. मान जराशी कललेली होती, दार वाजवून आतल्या पावलांची चाहूल घेत उभ्या असलेल्या माणसासारखी.

सोनूबाईंनी डोळे पुन्हा मिटले.

"आबा," एस्तेरने त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "झालं तुझं?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं. तिने हात ढिले सोडले, तरी त्याने आपला हात काढून घेतला नाही. दाबलाही नाही.