नव्याण्णव सह्या

"सत्त्याण्णव." अंगद मुकादमानं हजेरीच्या वहीवरून बोट उचललं. "मावशे, तीन कमी हायेत. तुजी सही झाली का?"

"पहिलीच माजी हाय," बायडाबाई म्हणाली. ग्रामपंचायतीच्या पायरीवर पाय पसरून ती गुडघा चोळत बसली होती.

"माज्या टोळीतली निम्मी माणसं सकाळपास्नं दिसंनात. कुठं उलथली कुणास ठाऊक."

"येत्याल."

ग्रामसभेला शंभर मतदार लागत. शंभर सह्या भरल्या नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभा आठ दिवसांनी पुन्हा भरली, की तिला गणपूर्तीची अट नाही. दहा टाळकी जमली तरी ठराव मंजूर. आज गावात माणूस होता. उद्या पहाटे अंगदची टोळी दोन ट्रक भरून श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला निघणार होती. आठ दिवसांनी गावात उरणार ते म्हातारे आणि सरपंच आप्पासाहेबांचे भाऊबंद.

ठराव एकच होता. मंगळवारचा बाजार ग्रामपंचायतीसमोरच्या चिंचेखालून उठवायचा आणि अडीच किलोमीटर लांब, हायवेच्या फाट्यावर न्यायचा. फाट्यावर आप्पासाहेबांनी नवे गाळे काढले होते, ते काही ठरावात लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ते असं, की सुकटीच्या वासानं कार्यालयीन कामकाजात व्यत्यय येतो. चिंचेखाली तीस वर्षं सुकट-बोंबील विकणारी बाई एकच, आणि तिचे गुडघे पाटी घेऊन फाट्यापर्यंत जाणारे नव्हते.

मे महिन्यात हाच ठराव आला, तेव्हा तीनशे माणूस लोटलं होतं. आप्पासाहेबांनी दारातून गर्दी पाहिली, छातीला हात लावला आणि जीपमध्ये बसून दवाखाना गाठला. त्यांना धरायला म्हणून उपसरपंचही गेले. सह्या सुरू व्हायच्या आधीच अध्यक्ष गायब, त्यामुळं सभा झालीच नाही. त्याच आठवड्यात आप्पासाहेब काष्टीच्या बाजारात बैलाचे दात मोजताना दिसले म्हणतात. दिसले असतील. छातीच्या दुखण्यावर तसाही काही उतारा असेल.

आज मात्र त्यांची तब्येत झकास होती. टेबलाशी बसून ते भेळ खात होते. दर दोन घासांनी वहीत डोकावत होते.

"मावशी, आना की मानसं," ते म्हणाले. "लोकशाही हाय. आमी थांबतो."

बायडाबाई उठली, लंगडत शाळेच्या बाजूला गेली आणि दोन बायका घेऊन आली. त्यांनी सह्या केल्या. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव.

तेवढ्यात आमोस गुरुजी फाटकातून आत शिरले. रिटायर झाले तरी वेळेचे पक्के माणूस. बायडाबाई लगबगीनं आडवी गेली, त्यांच्याशी काही बोलली. गुरुजींनी खिसे चाचपले, कपाळावर हात मारला आणि आल्या पावली माघारी गेले. चष्मा विसरले असावेत.

साडेअकरा वाजले. गुरुजी काही परतले नाहीत. अंगदनं ग्रामसेविका धनश्री मॅडमना विचारलं, तुम्हीच एक सही ठोका की. त्या म्हणाल्या, मी नगरची, माझं नाव तुमच्या यादीत नाही.

आप्पासाहेबांनी हात पुसले. "नियम म्हंजे नियम. मॅडम, लिवा. गणपूर्तीअभावी तहकूब."

धनश्रीनं वही त्यांच्यापुढं सरकवली. "लिहिते. आधी हजेरीवर सही करा."

"आमची सही कायम शेवटी असती."

"म्हणूनच म्हणते. तुमची सही नसली, तर अध्यक्षच नव्हते असा अर्थ होतो. मे महिन्यासारखा. मग तहकुबी धरत नाहीत, सगळं नव्यानं काढावं लागतं."

मे महिन्याचं नाव निघताच आप्पासाहेब गालात हसले. खिशातून सोनेरी टोपणाचं पेन काढलं, ऐसपैस सही केली आणि खाली दोन टिंबं दिली.

धनश्रीनं ओळीचा आकडा पाहिला.

"शंभर," ती म्हणाली. "गणपूर्ती झाली. विषय क्रमांक एक."

आप्पासाहेबांचा हात छातीकडं निघाला. धनश्रीनं शांतपणे सांगितलं, की दुखत असेल तर खुशाल जावं. सभा आता सुरू झाली आहे, लोक दुसरा अध्यक्ष बसवतील. हात मधेच वळला आणि भेळेकडं गेला.

ठरावाच्या बाजूनं अकरा हात वर झाले. विरोधातले मोजायला अंगद उभा राहिला, तो मोजता मोजता हसायलाच लागला.

बायडाबाई हळूच उठली आणि शाळेमागच्या पडवीत गेली. तिथं सकाळपासून दीडशे माणूस आवाज न करता शेंगा फोडत बसलं होतं. पुढंच नाकावर चष्मा लावलेले आमोस गुरुजी होते.

"उठा आता," ती म्हणाली. "सरपंचानं सही केली."