डबीवरचे इंग्रजी

मॅट्रिकचा पेपर लिहिता लिहिता उदयसिंग बाकावर कोसळला आणि मेंदूतली शीर फुटून तासाभरात गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई गोमतीबाई मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून हेडमास्तरांच्या घरी पायी आली. ओढणीच्या गाठीतून तिने पत्र्याची एक डबी काढली.

"पोराच्या खिशात होती, मास्तर. पेपराच्या सकाळी त्याचं नाक लय चोंदलं होतं, तं म्या त्याले नाकाची गोळी देल्ली. थो माह्या गोळीनं गेला का या डबीनं, येवढं वाचून सांगा."

डबीतल्या गोळ्या झोप उडवणाऱ्या होत्या. तांड्यातला पहिला मॅट्रिक आपल्या शाळेच्या नावावर लागावा, म्हणून हेडमास्तरांनीच त्या नागपूरहून मागवून उदयसिंगला दिल्या होत्या. नाक मोकळे करणाऱ्या औषधासोबत त्या घेऊ नयेत, रक्तदाब घातक चढतो, असे डबीवर इंग्रजीत छापले होते. तेव्हा ते वाचण्याचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. आता चष्मा लावून दोनदा वाचले.

"खोकल्याच्या वड्या आहेत. अगदी साध्या."

"मंग माह्याच गोळीनं गेला."

"तसेच दिसते, बाई."

गोमतीबाईने वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"माफ करा जी. डबी तुमी देल्ली, असं त्याच्या सोबत्यायनं सांगतलं होतं. म्या पापिणीनं तुमच्यावर शक धरला."

हेडमास्तरांनी पाय मागे घेतले नाहीत. रीतीप्रमाणे आशीर्वाद दिला.