पंचेचाळीस सेंटीमीटर

रोझविथाने केक तिसऱ्यांदा ओव्हनमधून काढून पाहिला आणि पुन्हा आत ढकलला. खिडकीतून परसातला पाम दिसत होता. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, आत पेंढा, पेंढ्यात उबेसाठी दिव्यांची माळ. तीन वाजता पाम जोपासणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबची वीस माणसं येणार होती आणि त्यांच्यासमोर लोथार तो उघडणार होता.

"अजून थोडे दिवस थांबलं तर?" ती म्हणाली. "एप्रिलात बर्फ पडतो कधीकधी."

"पडू दे," लोथार कंबर धरून म्हणाला. मंगळवारपासून ती पुन्हा धरली होती.

"म्हणून म्हणत होते, गरम झऱ्यांवर स्नानाला जा. दरवर्षी जातोस मार्चमध्ये, यंदाच काय बिघडलं?"

"यंदा क्लब येतोय."

जर्मनीतल्या सॅक्सनीच्या त्या डोंगराळ गावात पाम जगवणं हे शौर्याचं काम समजलं जाई. केळी नोव्हेंबरात कापून पेंढ्याखाली पुरल्या की वसंतात पुन्हा फुटत, त्यामुळे त्यांचं कौतुक बेताचंच. युक्का तर काही न करता बर्फात उभी राही, म्हणून क्लबात तिला कोणी विचारत नसे. लोथारचा पाम मात्र सात हिवाळे जगला होता. खोड दरवर्षी बरोबर पंचेचाळीस सेंटीमीटर. मंद वाढ हेच काटकपणाचं रहस्य, यावर त्याची दोन व्याख्यानं झाली होती.

खरं रहस्य रोझविथाकडे होतं. कारखाना बंद पडला त्या वर्षी लोथारने पाम लावला आणि इतक्या मायेने गुंडाळला की तो थंडीने न मरता आतल्या आत कुजून मेला. लोथार तेव्हा पाठीसाठी तीन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यांवर होता. नोकरी गेलेल्या माणसाला हेही सांगणं तिच्या जिवावर आलं. तिने रोपवाटिकेतून तेवढाच पाम आणून लावला आणि वर तसंच कापड गुंडाळलं. पुढच्या वर्षीही तेच. नंतर ती सवय झाली.

यंदा लोथार तीन आठवडे घरातून हलला नव्हता. तीच काय ती मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आली, तीही त्याने मागे लागून पाठवली म्हणून. आता आत काय असेल ते तिला ठाऊक होतं: तपकिरी लगदा. आणि वीस माणसं.

तीनच्या ठोक्याला सगळे आले. अध्यक्ष एकेहार्ड टेप घेऊनच आला होता.

"आधी कॉफी घेऊ या," रोझविथा म्हणाली.

"कॉफी कुठे पळतेय?" एकेहार्ड म्हणाला. "की पामच पळालाय?"

सगळे हसले. लोथारने दोरी सोडली. कापड खाली आलं. रोझविथाने हातातल्या बशीकडे पाहायचं ठरवलं आणि बशीकडेच पाहत राहिली.

मग टाळ्या वाजल्या.

पाम हिरवागार होता. एकेहार्डने मधलं कोवळं पान धरून ओढलं. ते हातात आलं तर झाड मेलं समजायचं. पान जागचं हललं नाही. त्याने टेप लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली.

"बासष्ट," तो म्हणाला. "लोथार, सात वर्षं तसूभर वाढला नाही आणि एका हिवाळ्यात सतरा सेंटीमीटर?"

"यंदा मी घरी होतो ना," लोथार म्हणाला. "झाडाला कळतं."

हे एकाने वहीत लिहून घेतलं. बाकीचे केकच्या दिशेने निघाले.

रोझविथा पामसमोर उभीच होती. बुंध्याभोवतीची माती भुसभुशीत होती. लोथार कंबर सांभाळत तिच्याजवळ आला, तिच्या हातातली बशी घेतली आणि क्लबकडे पाहून हसत, ओठ न हलवता म्हणाला,

"तू दरवर्षी माप घेऊन जायचीस, रोझी. मी अंदाजाने आणला."