पडद्यावरचा चहा

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला आणि तिनं ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर चढवलं. तेव्हा टीव्हीवरच्या जाहिराती आधी चित्रित करून ठेवत नसत. टीव्हीवरच्या नाटकाच्या दोन अंकांच्या मधल्या वेळात जे काही व्हायचं, ते थेट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचं. चुकलं की चव्हाट्यावर.

चहा कंपनीच्या या जाहिरातीत नवरा स्वतः चहा करून बायकोला आणून द्यायचा. बघणाऱ्या बायका त्या नवऱ्यावर लट्टू होत्या. "वहिनी, नशीब काढलंत हो!" असं भाजीवालीसुद्धा म्हणायची. ती हसून वेळ मारून न्यायची. जाहिरातीतला नवरा तिचा खराखुरा नवराच होता, आणि त्या माणसानं उभ्या संसारात कधी स्टोव्ह पेटवला नव्हता. ती तापानं फणफणली होती, तेव्हाही त्यानं खुर्चीतूनच विचारलं होतं, "अगं, चहाचं काय झालं?" ताप उतरल्यावर तिनं बॅग भरली आणि बहिणीचं घर गाठलं.

याचा दोघांनी कुठं सुगावा लागू दिला नव्हता. सुखी जोडपं मोडलं म्हटल्यावर कंपनीनं दोघांनाही डच्चू दिला असता. करार आज संपत होता. उद्या सकाळी वकिलाकडे जाऊन घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायच्या आणि मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं.

तो ट्रे घेऊन आला. त्याच्याकडे न बघताच तिनं कप उचलला. कपात नेहमी रंग कालवलेलं गार पाणी असायचं, कारण त्या दिव्यांच्या झोतात खरा चहा पडद्यावर डांबरासारखा दिसायचा. ओठ टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अहो, असा चहा रोज मिळाला, तर आणखी काय हवं!" झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल, इतकं ते वाक्य पाठ होतं.

ओठ भाजले.

चहा होता. खराखुरा, वाफाळलेला, वर पत्ती तरंगणारा. तिनं चमकून वर पाहिलं. ट्रे धरलेल्या त्याच्या अंगठ्यावर टम्म फोड आला होता. तो आज कॅमेऱ्याकडे बघून हसत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

ती कप हातात धरून त्या फोडाकडेच बघत राहिली. कॅमेऱ्यामागे दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं. "वाक्य! वाक्य!" असं तो आवाज न करता, हातवारे करकरून सांगू लागला. काचेपलीकडे कंपनीचे साहेब खुर्चीतून उठले. वाक्य ती विसरली नव्हती. पण इतके दिवस गार पाण्याला उद्देशून म्हटलेलं ते वाक्य आज म्हटलं, तर ते त्याला दिलेलं उत्तर ठरणार होतं. आणि राग तर अजून होताच. एका कपानं कुठं जातो तो!

तिनं आणखी एक घोट घेतला. चहा कसला, नुसता पाक होता. तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग जाहिरातीतलं 'अहो' बाजूला ठेवून, साऱ्या शहरासमोर, ती घरी बोलायची तसं बोलली.

"अरे, उद्या साखर जरा कमी घाल."