दीड बोट माया

"पदविका नाही, मग मुलींना ब्लाउज बेतायला शिकवणार कशाच्या जोरावर?" फॅशन कॉलेजच्या मॅडमनी मुलाखतीत विचारलं.

"तीस वर्षं बेततेय की," शेवंता म्हणाली. मांडीवरच्या पिशवीत तिनं कात्री आणली होती. ती बाहेर काढ, असं कुणी म्हणालंच नाही.

"अंदाजपंचे कापणं म्हणजे शास्त्र नव्हे. हा बघा माझा ब्लाउज. बुटिकमधला, परदेशात शिकलेल्या डिझायनरचा!" मॅडमनी घट्ट बाहीचा काठ कसाबसा उलटून आतली सफाई दाखवली. तिथं हिरव्या दोऱ्याचे तीन टाके होते.

बुटिकवाला दर सोमवारी शेवंताच्या दारात कापडांचा गठ्ठा टाकून जायचा. शिवलेल्या प्रत्येक ब्लाउजला ती आपली खूण म्हणून हेच तीन टाके घालायची.

नोकरी तर हातची गेलीच होती, मग जीभ कशाला आवरायची?

"मॅडम, बाही काचतेय तुम्हाला. दंडावर वळ उठलाय," ती उठत म्हणाली. "आतली एक शिवण उसवा. दीड बोट माया ठेवलीय मी. बुटिकची गिऱ्हाइकं अंगानं सुटतातच."

दारातून तिनं मागं वळून पाहिलं.

"उसवायला पदविका लागत नाही."