कोरडी भिंत

दिपेशनं आणलेल्या साहेबानं गिरणीची मागची भिंत बाहेरून हातोडीनं ठोकली, तिच्यावरून हात फिरवला, बोटं हुंगली आणि जाहीर केलं, "एकदम ड्राय. ओल कुठेच नाही."

मितेश त्याचं नाव. इमारतींचं ऑडिट करतो म्हणे.

"मी काय सांगत होतो, काकी?" दिपेश म्हणाला. हा गिरणीवाल्या गोदाच्या दिराचा मुलगा. बापाची मिठागराची जमीन विकून त्यानं दिवा गावात, या गिरणीला खेटून सात मजले उभे केले आणि तेव्हापासून त्याच्या अंगाला पांढऱ्याशिवाय दुसरा रंग सोसेना. आज पिठाच्या गिरणीतसुद्धा पांढरे बूट घालून आला होता, शहाणा. "भिंतीला तडे गेलेत ते जुनी झालीय म्हणून. माझ्या पाण्याचा काय संबंध? खाली कर जागा. उद्या कुणाच्या अंगावर पडली तर लोक मला बोलतील."

लोकांची भारी काळजी त्याला! साहेबानं 'जुनी, धोकादायक' असं लिहून दिलं की गिरणी बंद. गिरणी बंद झाली की इथं दिपेशच्या बिल्डिंगच्या गाड्या लागणार. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"तुजे टाकीचा पानी त्या पायपातून हितं पडतंय," गोदानं वर बोट दाखवलं.

"कधी पडलं? साहेब, दिसतंय का तुम्हाला?"

दिसणार कसं? होळी झाल्याबरोबर त्यानं पाइपाला बूच मारलं होतं. त्याआधी टँकर आला की त्याची टाकी उतू जायची आणि पाणी या भिंतीवरून थेट गिरणीच्या पायात मुरायचं. दिव्यात बाया हंडाभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटतात, आणि याचं पाणी भिंती पितात. गोदाला त्याची शिसारी आली.

"मग हा काला काय हाय?" तिनं विचारलं.

मितेशनं भिंतीवरची काळपट खपली नखानं खरवडली. भुगा पडला. "शेवाळ. पावसाळ्यातलं असेल. मेलंय ते."

"पावसाचा? वर बगा, सायेब. याची गॅलरी आलेली हाय डोक्यावर. आषाढातपन थेंब नाय लागत हितं."

मितेशनं वर पाहिलं. गोदानं त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या मागच्या दारातल्या जुन्या जात्याशेजारी तसाच होता. त्यानं ओठसुद्धा लावला नव्हता. गिरणीतलं पाणी साहेबांना बाधत असणार. तिनं तो उचलला आणि पाइपाच्या तोंडाशी नेम धरून अर्धा तांब्या भिंतीवर भिरकावला.

"काकी, वेड लागलं काय?"

"गप रे. बग."

पाणी ओघळलं. वळलेली मूठ सुटावी तशी ती काळी खपली उलगडायला लागली आणि बघता बघता हिरवी झाली. मऊ, लुसलुशीत, कालच उगवल्यासारखी. पाइपाच्या तोंडापासून निघालेला हिरवा पट्टा रुंदावत खाली आला आणि पायातल्या तड्याशी जाऊन थांबला. पट्ट्याच्या दोन्ही अंगांनाही पाणी उडालं होतं. तिथं भिंत नुसतीच ओली दिसत होती.

दळणाचे डबे घेऊन बसलेल्या दोघी उठून बघायला आल्या.

"मेलेला नाय, सायेब. वाट बगत व्हता," गोदा म्हणाली. "टँकर नाय आला का असाच काला पडं. टाकी उतू गेली का परत हिरवा. इतकी वरसं मी दुसरा काय बगतंय?"

दिपेशचा चेहरा पडला, पण तोंड काही बंद झालं नाही. "अरे, तू आत्ता पाणी मारलंस म्हणून झालं ना ते हिरवं! साहेब, हे धरायचं नाही हां."

गोदानं त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढा मोठा झाला, पण अक्कल काही वाढली नाही. मग उरलेला तांब्या तिनं सावकाश त्याच्या बुटांवर रिकामा केला.

"थांब आता. हलू नको."

ती स्टुलावर बसली आणि खरोखरच वाट बघायला लागली. डबेवाल्या बायाही बघत होत्या. मितेश पाइपाच्या तोंडाचा फोटो काढत होता.

बुटांवरचं पीठ भिजून त्याची कणीक झाली. हिरवं मात्र काही झालं नाही.